एकेचाळीस जोडलेले हात आणि एक नाव

जय ख्रिस्त.

रात्रीचे बारा वाजून गेलेत. इस्पितळात, बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. लिहू की नको, असं दुपारपासून मनात चाललंय. पण आज नाही लिहिलं तर उद्या राग ओसरेल आणि मीही बाकीच्यांसारखी गप्प बसेन. म्हणून लिहितेच. कुणाला लागलं तर लागू दे.

आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी मंगळवारी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, गुरुवारी ऑपरेशन झालं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. आज चाळिशीत असलेल्या आपल्यापैकी निम्म्या लोकांकडून दहा आज्ञा आणि तेविसावं स्तोत्र त्यांनीच संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतलंय. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा दुबईला, येत्या शनिवारी पोचतोय. आणि या वॉर्डात रात्री पुरुष माणसाला थांबू देत नाहीत. म्हणून काल सकाळी दहा वाजता पाळकबाईंनी ग्रुपवर मेसेज टाकला. शनिवार ते शुक्रवार, सात रात्री आहेत, सात जणी हव्यात, नावं टाका.

ग्रुपवर एकशे अठरा माणसं. आज सकाळी उपासनेला निघण्याआधी मी मोजलं. हात जोडलेली चिन्हं एकेचाळीस. त्याखाली आमेन, आमेन, आमेन. एका बंधूंनी चार मिनिटांची प्रार्थना रेकॉर्ड करून पाठवली होती, फार सुंदर प्रार्थना. आणि नाव? एक. चार घरी स्वयंपाक करणाऱ्या आपल्या एका ताईंचं. दोन वर्षांपूर्वीच बाप्तिस्मा घेतलाय, ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत. “शनिवारी मी येते” एवढंच लिहिलं होतं. त्या सकाळी साडेपाचला घराबाहेर पडतात. काल रात्रभर इथं बसल्या आणि आज पहाटे इथूनच कामावर गेल्या.

मग आपण उपासनेला जमलो. सगळं काही प्रभूला वाहिलं अशा अर्थाचं गीत उभं राहून म्हटलं, चारही कडवी. माझ्या पुढच्या बाकावरचे भाऊ डोळे मिटून गात होते. मला पुढे गाताच येईना.

उपासना संपल्यावर मी दारात उभी राहिले आणि एकेकीला तोंडावर विचारलं. काय उत्तरं मिळाली? “प्रार्थनेत ठेवते.” “घरी विचारून सांगते.” “प्रभूनं मार्ग काढला तर नक्की.” एकीनं तर माझा हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की तिच्या मनावर फार ओझं आहे. पंधरा मिनिटांनी तीच माणसं गाड्या काढून पोहे-जलेबी खायला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत.

आपल्या मंडळीत मी “नाही” हा शब्द आजवर ऐकलेलाच नाही. आपण “प्रार्थना करतो” म्हणतो. तीच आपली “नाही” म्हणायची रीत झालीय, आणि ती इतकी अंगवळणी पडलीय की म्हणणाऱ्यालाही कळत नाही आपण नकार देतोय. उघडा-उपाशी भाऊ दारात उभा असताना त्याला “सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव” असं नुसतं तोंडानं म्हणून काय उपयोग, हे बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आपण त्यावर वचनाभ्यास करतो. चहा पितो. घरी जातो.

मान्य आहे, सगळ्यांना जमत नाही. लहान मुलं आहेत, नोकऱ्या आहेत, कुणाचं बीपी, कुणाची शुगर. मान्य. पण एकशे अठरांत सात?

माझ्या आजीचं सांगते.

आजी नगरकडची, लग्न होऊन इंदूरला आली. आजोबा मिलमध्ये, पुढे बाबाही त्याच मिलमध्ये. परदेशीपुऱ्यात आमच्या दोन खोल्या होत्या. चुलीशेजारी आजीचा एक डालडाचा पिवळा डबा असायचा, त्यावरचं ताडाचं झाड घासून घासून पुसट झालेलं. भात टाकायच्या आधी तांदळाची एक मूठ त्या डब्यात जायची. ती प्रभूची. महिन्याच्या पहिल्या रविवारी डबा चर्चमध्ये रिकामा व्हायचा आणि तिथून ज्याच्या घरी नड असेल त्याच्याकडे जायचा. तुमच्यापैकी कित्येकांच्या आज्यांनी हे केलंय, मला माहीत आहे.

मग मिल बंद पडली. मी नऊ वर्षांची. पैसे आज मिळतील, उद्या मिळतील, असं म्हणत बाबा रोज फाटकापाशी जाऊन बसायचे. एका संध्याकाळी घरात कंट्रोलच्या दुकानातले वाटीभर तांदूळ उरले होते आणि आम्ही पाच माणसं. आजीनं त्यातली मूठ उचलली. आई म्हणाली, “आई, अहो, घरात काही नाही हे देवाला कळतं हो.” आजी म्हणाली, “कळतं ना त्याला. म्हणून तर त्याच्याशी लबाडी करता येत नाही.” मूठ डब्यात गेली. उरलेल्या तांदळात भरपूर पाणी घालून पेज केली, ती आम्ही प्यायलो आणि झोपलो.

आता काहींना वाटेल, मी पुढे चमत्कार सांगणार. बायबलमधल्या सारफथच्या विधवेच्या मडक्यातलं पीठ दुष्काळातही सरलं नाही, तसं काहीतरी. नाही. कुणी दार ठोठावलं नाही. सकाळी उंबऱ्यावर पिशवी नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपली सायकल विकली. चमत्कार झाला नाही म्हणूनच हे सांगतेय. तो होईल अशी खात्री असती तर मूठ कुणीही टाकली असती.

ती मूठ आणि ग्रुपवरचे जोडलेले हात, हे दोन्ही एकाच धर्मातलं आहे, यावर मला आज विश्वास बसत नाहीये.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात लावदिकीया गावच्या मंडळीला प्रभूनं लिहायला लावलेलं पत्र आहे, त्यावरचा संदेश आपण सगळ्यांनी ऐकलाय. तू ऊन नाहीस, थंड नाहीस, कोमट आहेस, म्हणून तोंडातून ओकून टाकीन. लहानपणी वाटायचं, ऊन म्हणजे भक्त आणि थंड म्हणजे नास्तिक. नंतर कळलं की तिथल्या लोकांना ही पाण्याची गोष्ट बरोबर झोंबली असणार. समोरच्या हेरापलीला गरम पाण्याचे झरे, अंग शेकायला. पलीकडे कलस्सैला थंडगार पाणी, प्यायला. लावदिकीयाला मात्र पाणी लांबून नळातून यायचं, कोमट आणि क्षारांनी भरलेलं. गरमचाही उपयोग, थंडचाही उपयोग. कोमट ना शेकायला, ना तहानेला. आणि गाव किती श्रीमंत! इ.स. ६० मध्ये भूकंपानं पडलं तर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशानं परत उभं केलं. आम्हाला कशाची उणीव नाही, असं म्हणणारी मंडळी तीच. ते पत्र तिथल्या नास्तिकांना लिहिलेलं नव्हतं, दर आठवड्याला जमणाऱ्यांना लिहिलेलं होतं.

आपल्यालाही कशाची उणीव नाही. नाताळच्या चांदणीवर यंदा किती खर्च करायचा, यावर आपली पंच कमिटी तीन बैठका भांडली. तीन! त्या भांडणात “प्रार्थनेत ठेवतो” कुणी म्हटलं नाही. तिथं सगळ्यांना वेळ होता, आवाज होता, हिशेब तोंडपाठ होते.

आणि निर्धार आपल्याला जमत नाही असंही नाही. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत पहिलं येतंय ते कुणाच्या जिवावर? रोज सकाळी गाडी येते आणि आपण ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, डायपर वेगळे करून दारात उभे असतो. कुणी म्हणतं का, प्रभूनं मार्ग काढला तर वेगळा करीन? कचऱ्यासाठी आपल्याला शिस्त आहे.

आपण कुणाची लेकरं आहोत, हे तरी आठवा. १८७७ मध्ये कॅनडाहून मिशनरी या इंदुरात आले. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत तिकडून स्त्री-डॉक्टर आल्या, कारण इथल्या बायका पुरुष डॉक्टरांसमोर येत नव्हत्या. बोटीनं सातासमुद्रापलीकडून आलेल्या त्या बाया रात्री-अपरात्री बाळंतिणींपाशी बसायच्या. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः फिरल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन गेल्या. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचं बांधलेलं उत्पन्न सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. या दोघांची चित्रं आपण हॉलमध्ये लावतो. फूल वाहत नाही, तेवढाच काय तो फरक.

आणि अगदी जवळचं बघा. सिस्टर राणी मारिया, कॅथलिक नन. उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमधून त्यांना खाली ओढून मारलं, २५ फेब्रुवारी १९९५. गरीब शेतकरी-मजुरांच्या बाजूनं सावकारांपुढे उभ्या राहिल्या म्हणून. आपण प्रॉटेस्टंट, त्यांना “त्यांच्या सिस्टर” म्हणून मोकळे होतो. पण त्यांची सख्खी बहीण तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली, आणि इथं आपल्याला संडे स्कूलच्या बाईंपाशी एक रात्र बसवत नाही.

थांबते. खूप वर चढला माझा आवाज.

एक गोष्ट वर लिहिली नाही, ती आता लिहायलाच हवी. त्या एकेचाळीस हातांतले पहिले हात माझे होते. काल दहा वाजून दोन मिनिटांनी. पलासियाच्या सिग्नलला गाडी उभी होती, मेसेज वाचला, अंगठा दाबला, सिग्नल सुटला. मला खरंच वाटलं की मी काहीतरी केलं. दिवसभर बरं वाटत होतं. आज सकाळी त्या ताईंचं “शनिवारी मी येते” वाचलं तेव्हा पोटात खड्डा पडला.

आजीचा तो पिवळा डबाही माझ्याकडेच आहे. आजी गेल्यावर मी हट्टानं मागून आणला होता. गेली आठ वर्षं तो गॅलरीत आहे आणि त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते.

बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोबद्दल लहानपणापासून एकच प्रश्न पडायचा. त्यांनी जमीन विकली, त्यातले काही पैसे तर दिलेच ना, मग जागच्या जागी मरण, एवढी शिक्षा का? देऊ नका असं तर पेत्र म्हणतच नव्हता, ठेवायचे होते तर ठेवायचे, तुमचेच होते. त्यांनी थोडं दिलं आणि सगळं दिलं असं दाखवलं. आजीचा “लबाडी” हा शब्द मला आज इथं बाकावर बसून कळतोय.

आईला मात्र तो अजून पटलेला नाही. आई आज बहात्तर वर्षांची आहे. त्या रात्रीबद्दल ती आजीला मनातून कधी माफ करू शकली नाही, हेही खरं आहे आणि ते लपवून मी आजीचं कौतुक सांगितलं तर तीही लबाडीच होईल. “तुला त्या रात्री पोटभर मिळालं नाही, आणि मी बघत बसले,” असं ती दोन वर्षांपूर्वी मला म्हणाली. एवढ्या वर्षांनी. तिच्या आवाजात तो राग जसाच्या तसा होता. आई चुकली असं मी म्हणणार नाही. लेकराची भूक बघणाऱ्या बाईला कुणी काय शिकवावं? प्रभूला वाहून घेतल्याची किंमत कधीकधी ज्यांना विचारलेलं नसतं तेही मोजतात. आजीनं हे कधी मनात आणलं होतं का, मला ठाऊक नाही. विचारायला आता ती नाही.

संध्याकाळी मी इथं यायला निघाले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं, मुलीनं सांगितलं असणार. तिनं मावशींसाठी डबा भरून दिला. उघडून बघितलं तर तांदळाची पेज, वर थोडं तूप-मीठ. म्हणाली, “आजाऱ्याला हेच पचतं.” मी चप्पल घालत होते. मागून म्हणाली, “एक मूठ जास्तच घातलीय, तूही घे त्यातली.” आणि परवापासून दिवसा तिला इथं आणून सोड म्हणाली. गुडघे दुखतात, पण बसायला काय लागतं, असं तिचं म्हणणं.

मावशींनी सात-आठ चमचे घेतले. मग मला ओळखलं. संडे स्कूलमध्ये मी सारखी उशिरा यायचे, हे त्यांच्या लक्षात आहे.

आता कामाचं. उद्या सोमवारी मावशींच्या गल्लीतल्या काकू थांबताहेत. त्या दर चतुर्थीला उपास करणाऱ्या, आपल्या मंडळीच्या नाहीत. त्यांना कुणी मेसेज पाठवला नव्हता, त्या स्वतः भेटायला आल्या आणि रात्र ठरवून गेल्या.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार रिकामे आहेत. रात्री नऊला यायचं, सकाळी सातला सुटका. डास आहेत, ओडोमॉस आणा. पांघरूण आणि पाण्याची बाटली आणा. रात्री दोनदा तरी कूस बदलायला मदत लागते, कशी करायची ते नर्स दाखवतात, घाबरायचं कारण नाही. पुरुषांना रात्री थांबता येत नाही, पण सकाळचा चहा, खालच्या दुकानातून औषधं आणणं आणि माझ्या आईला घरून इथं सोडणं, ही कामं आहेत.

खाली फक्त नाव आणि वार लिहा. जमणार नसेल तर “जमणार नाही” लिहा, मला चालेल, खरंच चालेल. हात जोडू नका.