प्रसूतिपूर्व वर्गाची फी नेमकी कशासाठी?

पुण्यात राहणाऱ्या माझ्या भाचीला सातवा महिना लागला आहे आणि आमच्या घरात एका प्रश्नावरून सरळ दोन तट पडले आहेत. गर्भसंस्कार, योगासने, आहाराचा सल्ला आणि प्रसूतीची माहिती असे सगळे एकत्र असलेला काही हजार रुपयांचा वर्ग तिला सुचवण्यात आला आहे. तिच्या आजेसासूबाईंचे म्हणणे असे, की आमची बाळंतपणे कुठल्याही क्लासशिवाय पार पडली. तिच्या जाऊबाईंचे म्हणणे असे, की सोनोग्राफीला आणि दवाखान्यातल्या खोलीला पैसे मोजतोच, मग मुलाच्या बुद्धीसाठी हात आखडता का घ्यायचा? मी इंग्लंडमध्ये राहते, माझे बाळंतपण इथेच झाले आणि सरकारी व खासगी असे दोन्ही वर्ग मी केले आहेत, म्हणून निकाल माझ्याकडे मागितला गेला.

इथली व्यवस्था आधी सांगायला हवी. व्हिसा काढतानाच आरोग्य अधिभार भरलेला असल्यामुळे आम्हा स्थलांतरितांनाही एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत तपासण्यांचे आणि प्रसूतीचे वेगळे बिल येत नाही. पहिलटकरणीला प्रसूतिपूर्व वर्ग देऊ करावेत, असे २०२१ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटले आहे, आणि डॉक्टरांनी किंवा मिडवाइफने, म्हणजे गरोदरपण आणि प्रसूती सांभाळणाऱ्या प्रशिक्षित सुईणीने, वर्गाची शिफारस केली असेल तर नोकरदार गरोदर स्त्रीला त्यासाठी भरपगारी सवड मिळण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात मात्र हे वर्ग भागाभागांनुसार बदलतात. कुठे ते आठवड्यातून एकदा असे काही आठवडे चालतात, कुठे एका दिवसात आटोपतात, कुठे फक्त ऑनलाइन असतात. या कमतरतेमुळेच सशुल्क वर्गांना मागणी आहे. त्यांतले सर्वांत परिचित नाव म्हणजे एनसीटी (नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्ट). भीतीमुळे प्रसूतिवेदना वाढतात, असे मांडणारे डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांच्या विचारांचा प्रसार करण्यासाठी १९५६ साली ही संस्था सुरू झाली आणि आज ती धर्मादाय संस्था म्हणून काम करते. तिच्या किंवा तशाच इतर वर्गांसाठी एका जोडप्याला सहज काहीशे पौंड मोजावे लागतात, आणि घरभाड्यातच निम्मा पगार जाणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम जाणवते.

माहितीच्या बाबतीत मला सशुल्क वर्गात फारसे नवे काही मिळाले नाही. सरकारी वर्गातल्या मिडवाइफने कटिराचा, म्हणजे कमरेच्या हाडांचा, प्लास्टिकचा सांगाडा एका हातात आणि कापडी बाहुली दुसऱ्या हातात धरून, बाळाचे डोके खाली येताना कसे वळते, हे सावकाश दाखवले होते, आणि आई उभी राहिली, वाकली, बाजूला वळली तर त्या वाटेत काय फरक पडतो, हेही. वेदना कमी करण्यासाठी इथे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण नळीतून श्वासावाटे घ्यायला देतात. त्याचा परिणाम व्हायला पंधरा ते वीस सेकंद लागतात, म्हणून कळ शिगेला पोचेपर्यंत न थांबता ती सुरू होताच श्वास घ्यायला लागा, हे तिने नवऱ्यांकडून तीनतीनदा वदवून घेतले, कारण ऐन वेळी बायकोला ते आठवणार नाही आणि आठवण करून देणे हे त्यांचेच काम आहे. बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी फोन करा, हे तर तिने प्रत्येकीच्या डोळ्यांत पाहून सांगितले. यासाठी कोणी एक पैसाही घेतला नव्हता, आणि तसेच असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

मग फी देऊन मिळाले काय? माणसे मिळाली. सशुल्क वर्गात एकाच परिसरातल्या आणि प्रसूतीच्या तारखा थोड्याफार अंतरावर असलेल्या जोडप्यांना एकत्र आणले जाते. माहेर हजारो मैलांवर असलेल्या बाईच्या दृष्टीने याची किंमत वेगळीच असते. आईला बोलवावे तर भेटीचा व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांपुरताच. नवऱ्याची कायदेशीर पितृत्व रजा दोन आठवड्यांत संपते. मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर, म्हणजे तान्ह्या मुलांची वाढ पाहणाऱ्या परिचारिका, घरी येऊन जातात, पण त्यांच्या भेटी मोजक्या. त्यानंतरच्या दुपारी आणि रात्री आपल्या आपणच निभवायच्या असतात. अशा वेळी तीन गल्ल्या सोडून राहणारी, आपल्यासारखीच टाके दुखत असलेली, पहाटे तीनला बाळाला पाजत जागी असलेली कोणी ओळखीची असणे हा फार मोठा आधार आहे. हा आधार सरकारी ग्रंथालयातल्या किंवा चर्चच्या सभागृहातल्या फुकट माता-बालक गटांतही मिळू शकतो, पण तिथे बाळ झाल्यावर, अंगात त्राण नसताना एकटीने जाऊन ओळखी कराव्या लागतात. वर्गात त्या आधीच झालेल्या असतात.

वर्ग केल्याने प्रसूती सोपी होते का, याचे उत्तर मात्र कोणी छातीठोकपणे देऊ नये. उपलब्ध चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने २००७ साली घेतलेला आढावा असेच सांगतो, की अशा शिक्षणाचे परिणाम बऱ्याच अंशी अज्ञात आहेत. म्हणून इथल्या मैत्रिणींना मी सांगते, की आई किंवा सासूबाई येणार असतील तर सरकारी वर्ग पुरेसा आहे; कोणीच येणार नसेल आणि फी भरून महिन्याचे गणित कोलमडत नसेल तर खुशाल भरावी; कमी उत्पन्नासाठी सवलत असते, ती मागताना संकोच करू नये.

आता पुण्याकडे वळते. आजेसासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण त्यांच्या काळी हे ज्ञान घरातच होते. बाळ अंगावर कसे घ्यायचे, हे काकू, आत्या, मोठी बहीण यांच्याकडे पाहून समजत असे. पण त्या काळच्या हकिगती, ज्या बायका बाळंतपणातून जिवंत राहिल्या त्याच सांगतात, हेही विसरता येत नाही. शिवाय आज दोन खोल्यांच्या सदनिकेत वाढलेल्या मुलीने पहिल्यांदा हातात घेतलेले तान्हे बाळ बहुधा तिचे स्वतःचेच असते.

जाऊबाईंच्या म्हणण्याला माझा विरोध अधिक आहे. शेवटच्या महिन्यांत बाळाला आईचा आवाज ऐकू येतो आणि जन्मानंतर ते तो ओळखते, हे १९८० सालच्या प्रयोगाने दाखवले आहे. तेव्हा गाणे म्हणावे, स्तोत्र म्हणावे, पोटातल्या बाळाशी बोलावे, त्यात आनंदच आहे. पण त्यामुळे मूल बुद्धिमान निपजेल, हे सिद्ध झालेले नाही आणि त्या आश्वासनासाठी पैसे घेणे मला गैर वाटते. या आश्वासनाची दुसरी बाजू फार क्रूर आहे. मूल अपुऱ्या दिवसांचे झाले, त्याच्यात काही व्यंग निघाले, ते उशिरा बोलायला लागले, की ‘तू नीट केले नसशील’ हा ठपका आईवरच येतो.

आपल्याकडच्या वर्गात ज्याची खरी निकड आहे ते म्हणजे प्रश्न विचारण्याची तयारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार भारतात खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांतल्या १४.३ टक्के. सिझेरियन जीव वाचवते, यात वाद नाही, पण एवढी तफावत केवळ वैद्यकीय गरजेतून येत असेल, हे पटणे कठीण आहे. इथल्या वर्गात आम्हाला चार प्रश्न पाठ करायला लावले होते. याचा फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, आणि थोडे थांबलो तर काय होईल? डॉक्टरांनी महत्त्वाचे धोके आणि पर्याय स्त्रीसमोर ठेवलेच पाहिजेत, असा निर्वाळा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मॉन्टगोमेरी खटल्यात दिला. त्यामुळे असे विचारणाऱ्या बाईला इथे आगाऊ समजले जात नाही. पुण्यात ज्या रुग्णालयात प्रसूती व्हायची त्याच रुग्णालयाने चालवलेला वर्ग हे चार प्रश्न शिकवील का, हे फी भरण्यापूर्वी तपासण्यासारखे आहे.

आणि ज्यांना फी परवडतच नाही, त्यांचे काय? आपल्याकडे यंत्रणा नाही असे नाही. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी आईला आणि बाळाला सेवा पोचवली. तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी जमलेल्या बायकांना रांगेत नुसते बसवून ठेवण्याऐवजी तासभर तो सांगाडा आणि ती बाहुली दाखवली, नवऱ्यांनाही बोलावले, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही.

भाचीला मी कळवले आहे, की वर्गाच्या जाहिरातीत बाळाबद्दलचे वायदे असतील तर फी भरू नकोस. शिकवणारी व्यक्ती प्रसूतिगृहात काम केलेली असेल, नवऱ्याला सोबत बसवत असतील आणि स्तनपानाचा सराव करून घेत असतील, तर मात्र आजेसासूबाईंना मी समजावीन.