निर्मनुष्य बेटावरची वसाहत: एका प्रतिक्रियेचं उत्तर

नमस्कार. मॉरिशसवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन हरकती घेतल्यात. 'डचांनी 1598 साली हे बेट शोधलं' हे विधान चूक, ही पहिली. दुसरी जास्त गंभीर आहे: बेटावर मूळचं कुणी राहतच नव्हतं, कुणाची जमीन हिसकावली गेली नाही, तेव्हा वसाहतवादाचा ठपका कशाला? उलट फ्रेंचांनी ओसाड जागी बंदर वसवलं.

पहिली हरकत शंभर टक्के मान्य. 1502 च्या कांतिनो नकाशात, म्हणजे जगाच्या एका जुन्या पोर्तुगीज नकाशात, त्या भागातल्या तीन बेटांना 'दीना'ने सुरू होणारी नावं आहेत, ती अरब खलाशांकडून आलेली. या 'दीना'च्या मुळाशी आपला 'द्वीप' असावा, असं मानलं जातं. त्यानंतर पोर्तुगीज येऊन गेले, पण राहिले नाहीत. डचांनी आपल्या राजपुत्राचं, मॉरिट्सचं, नाव दिलं. 1715 मध्ये फ्रेंचांनी ते पुसून 'ईल द फ्रान्स' केलं. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं आणि डचांचं नाव परत आणलं. शोधलं कुणी यापेक्षा नाव कुणाचं टिकलं हे मी लिहायला हवं होतं.

दुसरी हरकत मात्र मला पटत नाही. बेट रिकामं होतं हे खरं. पण डच 1638 मध्ये तिथे राहायला आले ते आबनूसाची झाडं तोडायला, आणि तोडायला माणसं हवी होती. ती मादागास्करहून गुलाम करून आणली. पहिल्या मोठ्या तुकडीतले कितीतरी जण थोड्याच दिवसांत जंगलात पळाले. ज्या बेटावर हिसकावायला कुणी नव्हतं, तिथे हिसकावलेली माणसं आणून ठेवली. वसाहत म्हणायला आणखी काय हवं?

फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोनेचं कर्तृत्व मी नाकारत नाही. 1735 पासून त्याने पोर्ट लुईचं बंदर उभारलं, इस्पितळ बांधलं. पण त्या भिंतींचे दगड आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी वाहिले, आणि पाँडिचेरीकडून नेलेल्या कारागिरांनीही तिथे काम केलं. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना. सुटलेल्यांना एक पैसाही नाही. वर काही वर्षं 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकांकडे राबणं.

मग इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी आपली माणसं मजुरीच्या करारावर नेली. कलकत्ता, मद्रास, मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे बरेच. ती जिथे उतरली त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर सोळा पायऱ्या आहेत, त्या मी चढलो आहे. काळा बेसॉल्ट, आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या जोत्याला असतो तसाच. (भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की ज्या तप्त स्रोतातून सह्याद्रीचा लाव्हा आला, त्याच स्रोतातून पुढे हे बेट वर आलं. तिथे उभं राहून हे आठवलं आणि अंगावर काटा आला.) पायऱ्या चढून आलेल्या माणसाची नोंद व्हायची आणि त्याला एक क्रमांक मिळायचा. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं तेच नाव कागदावर चढलं. कित्येक घरांत बापाचं नाव हेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. बेटाचं नाव बदलणारे आणि या माणसांची नावं बदलणारे एकाच व्यवस्थेतले होते, म्हणून लेखात मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या.

ते कागद आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, पुष्कळांवर फोटोही आहेत. मॉरिशसमधले मराठी लोक आजही गणपतीत झाकरी नाचतात, म्हणजे आपली जाखडी. त्यांच्यातलं कुणी पणजोबांचा क्रमांक घेऊन त्या संस्थेत जातं आणि नोंदीतून गावाचं नाव शोधतं.

'डचांनी शोधलं' हे वाक्य आज लेखातून काढलं आहे. 'निर्मनुष्य' हा शब्द ठेवला आहे, फक्त त्यापुढे '1638 पर्यंत' एवढं जोडलं आहे.