फाळणी टळली असती का? आधी आसामच्या दहा जागा मोजा

ऑगस्ट आला की "गांधीजींचं ऐकलं असतं तर", "नेहरूंनी ती पत्रकार परिषद घेतलीच नसती तर" अशा पोस्टींना ऊत येतो. एका माणसाला पटावरून उचललं की अखंड हिंदुस्थान तयार, रक्ताचा थेंबही न सांडता. मला हे पटत नाही. रक्तपाताशिवाय स्वातंत्र्य मिळण्याचा खराखुरा आराखडा कागदावर होता, तीन ब्रिटिश मंत्र्यांनी मांडलेल्या त्रिमंत्री योजनेचा, १६ मे १९४६ चा. "तर" लिहायचं असेल तर तो कुठल्या कलमाशी मोडला ते आधी पाहिलं पाहिजे. आणि तो टिकला असता तर आपलं बडोदं कुठे असतं, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

योजना अशी. केंद्राकडे परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण आणि या तीन कामांपुरता पैसा उभा करण्याचा अधिकार. उरलेलं सगळं प्रांतांकडे. घटना समितीत साधारण दहा लाख लोकांमागे एक जागा आणि प्रांतांचे तीन विभाग: अ (मुंबई, मद्रास वगैरे हिंदूबहुल प्रांत) मध्ये १८७, ब (पंजाब, सिंध, सरहद्द प्रांत) मध्ये ३५, क (बंगाल, आसाम) मध्ये ७०, एकूण २९२. प्रत्येक विभागाने आपल्या प्रांतांच्या घटना लिहायच्या आणि त्या प्रांतांचा मिळून एक गट करायचा का, तेही ठरवायचं. मुस्लिम लीगने ती ६ जूनला स्वीकारली, काँग्रेसने २५ जूनला, पण दोघांनी वाचलेली योजना एक नव्हती: लीगच्या मते विभागात बसणं सक्तीचं, काँग्रेसच्या मते प्रांतांच्या मर्जीचं. १० जुलैच्या नेहरूंच्या मुंबईतल्या पत्रकार परिषदेने ती फट चव्हाट्यावर आणली एवढंच. फट मुळातच होती. २९ जुलैला लीगने माघार घेतली आणि १६ ऑगस्टला कलकत्ता पेटलं.

आता क विभागाचा तक्ता नीट बघा. बंगाल ६०: सर्वसाधारण (म्हणजे मुस्लिमेतर) २७, मुस्लिम ३३. आसाम १०: सर्वसाधारण ७, मुस्लिम ३. बेरीज ३४ विरुद्ध ३६. म्हणजे आसामच्या दहापैकी सात जण एका बाजूला असले तरी दोन मतांनी हरणार, आणि आसामची घटना मुख्यतः बंगालचे सभासद लिहिणार. "नंतर बाहेर पडता येईल" असं कलम होतं, हे खरं. पण कधी? नव्या घटनेखालची पहिली निवडणूक झाल्यावर, नव्या विधिमंडळाच्या ठरावाने. त्या निवडणुकीत मताचा हक्क कुणाला आणि मतदारसंघ कसे पाडायचे, हे ठरवणारी प्रांताची घटना त्याच विभागात लिहिली जाणार होती. दार ठेवलं होतं, किल्ली शेजाऱ्याकडे दिली होती. आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री गोपीनाथ बार्दोलोई अडून बसले ते यासाठी, आणि गांधीजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले तेही यासाठीच. याला आडमुठेपणा म्हणणाऱ्यांनी हा तक्ता बघितलेला नसतो.

ब विभागात चूक वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त घातक. ३५ पैकी शीख फक्त ४. मोठ्या जातीय प्रश्नावर दोन्ही "प्रमुख समाजांचं" वेगवेगळं बहुमत लागेल, अशी तरतूद केंद्रीय पातळीवर होती. पण प्रमुख समाज म्हणजे हिंदू आणि मुसलमान. ज्या पंजाबात पुढे सगळ्यात भयंकर कत्तल झाली, तिथल्या तिसऱ्या पक्षाच्या हाती नकाराधिकारच नव्हता. पंजाबचे शीख वगळून "शांततेत स्वातंत्र्य" कुणी रंगवत असेल तर ते चित्र अर्धंच आहे.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. जकात केंद्राच्या यादीत स्पष्ट लिहिलेली नव्हती, चलनही नाही. कराची ब मध्ये, कलकत्ता क मध्ये, मुंबई अ मध्ये. बंदरावरची जकात गटांनी ठेवून घेतली तर दिल्लीने सैन्याचा पगार कशातून द्यायचा? वर्गणीतून? दर अर्थसंकल्पाला तीन गटांपुढे पदर पसरणारं केंद्र फार दिवस चालत नाही. १९४६ च्या हंगामी सरकारात अर्थखातं लीगच्या लियाकत अलींकडे आणि गृहखातं काँग्रेसच्या पटेलांकडे होतं. त्या काही महिन्यांत पैशाच्या मंजुरीवरून सतत खटके उडाले.

म्हणून माझ्या "तर"मध्ये माणूस बदलत नाही, कलमं बदलतात. विभागात बसायचं की नाही, हे प्रांताच्या विधिमंडळाने आधीच ठरवायचं. शिखांना पंजाबपुरता नकाराधिकार. जकात आणि चलन केंद्राकडे. लीग हे मान्य करणार नाही, कारण गट हेच तिला दाखवलेलं आमिष होतं. मग त्या बदल्यात केंद्रीय मंत्रिमंडळात आणि सैन्यात तिला ठोस, लेखी वाटा द्यावा लागतो, आणि तो काँग्रेसला गिळावा लागतो. हे सगळं १६ मेच्या आधी. ऑगस्टनंतर कुठलीही कलमं उपयोगाची नव्हती.

आता आपल्याकडे येऊ. त्रिमंत्री मंडळाच्या १२ मे १९४६ च्या टिपणानुसार इंग्रज गेले की संस्थानांवरची त्यांची अधिसत्ता संपणार होती आणि ती नव्या सरकारकडे जाणार नव्हती. योजनेप्रमाणे बडोद्याने तीन विषय सोडायचे, बाकी सगळं स्वतःकडे. भारतात सामील होताना संस्थानांनी सही केलेल्या १९४७ च्या सामीलनाम्यातही हेच तीन विषय होते. पण प्रत्यक्षात फाळणीनंतर दिल्ली बळकट झाली, म्हणून १९४८ मध्ये ग्वाल्हेर आणि इंदूर 'मध्य भारत' या नव्या राज्यात गेले आणि १ मे १९४९ ला बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं. पाचशेहून अधिक संस्थानांना विलीन करण्याची ताकद तीन विषयांच्या केंद्रात नसतीच. नकाशा डोळ्यांपुढे आणा: बडोदा, नवसारी, मेहसाणा, अमरेली, ओखामंडळ, सगळे तुकडे एकमेकांपासून तुटलेले. इथून अमरेलीला माल न्यायचा तर मध्ये परका मुलूख, आणि जकातीचा झगडा. ग्वाल्हेरला टपालाच्या तिकिटावर "ग्वालियर" छापलेलं आणि दोन फुटी रुळांची स्वतःची रेल्वे, तीही तशीच राहिली असती. जबाबदार राज्यपद्धतीसाठी प्रजामंडळांना, म्हणजे संस्थानांतल्या प्रजेच्या संघटनांना, प्रत्येक दरबाराशी वेगळं भांडावं लागलं असतं, आणि प्रत्येक दरबार काही सयाजीरावांचा नव्हता.

एवढं सगळं मांडूनही मी म्हणेन की सौदा करण्यासारखा होता. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात, एक कोटीहून जास्त लोक बेघर झाले. बडोद्याच्या वारसियात आलेल्या सिंधी कुटुंबांनी मागे टाकलेली घरं, दुकानं, शेतं तर या आकड्यांत येतच नाहीत. लुळं केंद्र नंतर दुरुस्त करता येतं. पण ही दुरुस्ती आपोआप झाली नसती, कारण दहा वर्षांनी कुठल्याही प्रांताला घटनेच्या फेरविचाराची मागणी करता येईल, असं कलम त्याच योजनेत होतं. म्हणजे १९५७-५८ च्या सुमारास बंगाल किंवा पंजाब पुन्हा त्याच टेबलावर. फाळणी टळली म्हणणाऱ्यांनी गोष्ट १९४७ ला थांबवू नये, त्या टेबलापर्यंत न्यावी.