‘आपल्या साईटवर अंध लोक येतच नाहीत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

वेबसाईट बनवणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज खूप फिरतोय. त्यात म्हटलंय की छोट्या धंदेवाल्यांनी अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या म्हणजे साईट अपंगांनाही वापरता येईल अशी करण्याच्या नादी लागू नका, अंध-अपंग लोक आपले कस्टमर नाहीत, कायदा फक्त सरकारी साईटना लागू आहे, डिझाईनची वाट लागते, खर्च दुप्पट होतो, आणि तरीही करायचंच असेल तर एका ओळीचं प्लगइन (साईटला वरून जोडायचं तयार टूल) टाका की विषय संपला. मी साईट तपासायचं काम करते आणि हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण नवीन शिकणारी पोरं हेच वाचून कामाला लागतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘येतच नाहीत’ हे तुम्हाला कळलं कुठून? अ‍ॅनालिटिक्समध्ये (साईटवरच्या भेटींच्या नोंदीत) स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा वेगळा दिसत नाही, दिसतं एवढंच की कोणीतरी आलं आणि गेलं. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या जवळपास ३० लाख महाराष्ट्रात. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, अँड्रॉइड फोनमध्ये तसाच टॉकबॅक बहुतेक वेळा आधीपासूनच असतो, म्हणजे साधन लोकांच्या हातात आहे. आता साड्यांच्या एखाद्या दुकानाच्या साईटवर टॉकबॅक लावून बोट फिरवा. फोटोला अल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा लपलेला मजकूर) नाही म्हणून काही वेळा फाईलचं नावच वाचलं जातं, ‘आयएमजी अंडरस्कोर शून्य शून्य चार दोन’, पुढे कार्ट, विशलिस्ट, शेअर अशी तीन चित्रं आहेत आणि कानावर पडतं ‘बटन, बटन, बटन’. यातलं कुठलं दाबायचं? चुकून भलतंच दाबलं जाईल या भीतीनं माणूस निघून जातो आणि तुम्ही म्हणता तो आलाच नाही. शिवाय चाळिशीनंतर बारीक अक्षर न दिसणारे, हात प्लास्टरमध्ये असलेले, भर उन्हात एसटी स्टँडवर फोन बघणारे, हे कुठल्याच आकड्यात नाहीत.

कायद्याचं तर सरळ चुकीचं सांगितलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४६ मध्ये सेवा देणारे ‘सरकारी असोत वा खासगी’ असं स्पष्ट आहे. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असा निकाल दिला. त्या प्रकरणात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका बाईंना बँकेच्या ई-केवायसीत (ऑनलाइन ओळख पटवताना) डोळ्यांची उघडझाप करून दाखवता येत नव्हती आणि त्याशिवाय काम पुढे सरकत नव्हतं. कोणीतरी बसून तो स्क्रीन डिझाईन केला होता आणि पापण्या मिटू न शकणारं माणूस असू शकतं हे त्या टेबलावर कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

डिझाईन बिघडतं म्हणे. पांढऱ्यावर ९९९ या रंग-कोडचा राखाडी टाकलात तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीतल्या उजेडाचा फरक, २.८५ येतो, साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो, आणि ७६७६७६ टाकलात तर तो पूर्ण होतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा, देखणेपणात काय फरक पडला ते सांगा. उलट मराठी साईट बिघडवतो आपणच, इंग्रजी टेम्प्लेट जसंच्या तसं उचलून. दोन ओळींमधलं अंतर कमी ठेवायचं म्हणून वरून रफार आणि मात्रा कापल्या जातात, खालून उकार जातो, आणि हेडिंगला स्टाईल म्हणून लेटर स्पेसिंग दिलं की शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी पडतात. हे तर चांगली नजर असलेल्यालाही वाचवत नाही.

आता ते प्लगइन, यावर जरा जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त नुकसान यानंच होतंय. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, दाबलं की अक्षर मोठं करा, रंग बदला असे पर्याय येतात. पण अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये आधीच आहे आणि ज्याला गरज आहे त्याला ती सापडलेली असते. बिनलेबलच्या बटनाचं काम काय आहे याचा ते प्लगइन फार तर अंदाज बांधणार, खरं माहीत असतं ते बनवणाऱ्याला. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅक्सेसिबी या कंपनीवर नेमक्या याच दाव्यासाठी कारवाई केली, आमचं एआय टूल कुठलीही साईट डब्ल्यूसीएजी या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या जागतिक नियमांत बसवतं असं ते सांगत होते, त्यांना १० लाख डॉलर भरायचं मान्य करावं लागलं. आणि मराठीत तर अडचण त्याहून खोल आहे. जुन्या, युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची कॉम्प्युटरची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली नोटीस डोळ्यांना मराठी दिसते पण आत रोमन अक्षरांचा कचरा असतो, स्क्रीन रीडर तोच वाचतो. सही-शिक्क्याचा स्कॅन केलेला पीडीएफ म्हणजे तर नुसता फोटो. ती नोटीस युनिकोडमध्ये पुन्हा टाकायलाच हवी.

राहिला खर्च. बनवून झालेली साईट उकलून दुरुस्त करायची तर पैसे जातात हे खरं आहे, पण सुरुवातीपासून नीट केलं तर बराचसा भाग फुकट येतो. डिव्हला (कोडमधल्या नुसत्या चौकटीला) क्लिक लावण्याऐवजी खरं बटन वापरलं की कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर दोन्ही आपोआप चालतात. एचटीएमएलच्या (पानाच्या कोडच्या) सुरुवातीला भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, राहिली असेल तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो किंवा गाळून टाकतो, तिथे ‘एमआर’ करायला दोन अक्षरं बदलावी लागतात. फॉर्मच्या रकान्याचं नाव फक्त प्लेसहोल्डरमध्ये (रिकाम्या रकान्यात फिकट दिसणाऱ्या मजकुरात) असेल तर टाइप करायला लागलं की ते गायब होतं, म्हणून वर कायम दिसणारं लेबल द्या. चूक झाली तर नुसती लाल चौकट नको, ‘पिनकोड सहा आकडी हवा’ असं शब्दात लिहा. जुनी साईट असेल तर सगळं एकदम काढू नका, आधी लॉगिन, ऑर्डर आणि पैसे भरायचं पान घ्या, माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब आणि एंटरवर ऑर्डर शेवटपर्यंत जाते का बघा, जिथे अडकाल तिथूनच काम सुरू करा.