येऊ द्या, अजून येऊ द्या!

टेम्पो मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला रस्ता दाखवायची संधी मिळाली की भल्याभल्यांच्या अंगात येतं. एरवी घरात माझ्या सांगण्यावरून पंख्याचं बटणसुद्धा कुणी बंद करत नाही. त्या दिवशी तर समोर अख्खा टेम्पो होता, त्यात नवं कपाट होतं आणि आदल्या रात्रभर पाऊस पडून गेला होता.

"साहेब, फाटकातच उतरवतो. माती ओली दिसतेय," ड्रायव्हर म्हणाला.

"काही होत नाही हो. येऊ द्या!"

हे वाक्य बायकोने पुढचे दोन महिने मला माझ्याच आवाजात ऐकवलं. मी टेम्पोमागे उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी हवा ओढत सुरू झालो. येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडे, अजून येऊ द्या... बस्स! आणि टेम्पोच्या पाठीवर दोन थापा मारल्या. थापा बसल्या तसा टेम्पो चार बोटं खाली गेला. मागचं चाक हिरवळीत रुतलं होतं. ड्रायव्हरने जोर दिला, चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि मी नडगीपासून चष्म्यापर्यंत सारवून निघालो. शेवटी कपाट उतरवलं, चाकाखाली पोती घातली, चौघांनी रेटा लावला तेव्हा टेम्पो निघाला. मागे राहिल्या दोन चाकोऱ्या.

चाकोरी हा शब्द मी जन्मभर वापरत आलोय. तरुणपणी तर चाकोरीबाहेर जगायच्या गप्पा मारायचो. पण खरी चाकोरी दारात पडलेली तेव्हाच पाहिली. वीतभर रुंद, खोल जागी चार बोटं आत, दोन्ही काठांना मातीचे ओठ वर आलेले, तळाशी टायरची नक्षी ठशासारखी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी साठलं होतं आणि मधोमध एक बेडूक, जागा नावावर झाल्यासारखा बसला होता.

मी त्याच दिवशी फावडं घेऊन ओठ आत लोटले आणि वरून नाचलो. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "असं नाचून काय होतंय? रूळ फिरवा रूळ!" त्यांच्याकडे रूळ होता. माणसाकडे रूळ असला की त्याला जगातल्या बहुतेक अडचणी सपाट करण्यासारख्या वाटतात. मी तासभर तो घामाघूम होऊन ओढला. काठ बसले, जमीन गुळगुळीत झाली आणि आठवड्याभरात चाकोरीच्या दोन्ही बाजूंचं गवतही पिवळं पडलं. टेम्पोचं जिथे पोचायचं राहून गेलं होतं, तिथे मी रूळ पोचवला होता.

नंतर कळलं ते असं. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळीत हवा खेळते, पाणी मुरतं, मुळं श्वास घेतात. माती ओली असताना वरून वजन आलं की कण एकमेकांवरून सरकतात आणि या पोकळ्या मिटतात. गाडीचं सगळं वजन जमिनीला टेकतं ते चाकांखालच्या एवढ्याशा जागेवर. तेव्हा खड्डा दिसतो ते वरवरचं दुखणं, खरा घात खाली झालेला असतो. खात्री करायला मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. न तुडवलेल्या हिरवळीत तो मुठीपर्यंत सरळ गेला. चाकोरीत दोन बोटं शिरला आणि अडला. जोर लावला तेव्हा स्क्रूड्रायव्हर वाकला नाही, माझं मनगट वाकलं.

मग शेतीवाडीतल्या मित्राला फोन केला. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "वाफसा आला का?"

"कोण येणारे?" मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. तो दुःखाने गप्प होता की फोन लांब धरून हसत होता, ते अजून उलगडलेलं नाही. वाफसा म्हणजे माती ना चिखल ना कोरडी ढेकळं, अशी मधली अवस्था. तोवर मातीला हात लावायचा नाही. मग रोज सकाळी मी उकिडवा बसून मूठभर माती दाबायचो, गोळा करायचो, उभा राहून कमरेच्या उंचीवरून सोडायचो आणि खाली वाकून बघायचो. गोळा थप्पकन बसला की घरात परत. रस्त्यावरून जाणारे लोक आधी थांबायचे, मग पावलं उचलून चालायला लागायचे. नवव्या दिवशी गोळा पडला आणि भुरभुरून फुटला. मी ओरडलोच, "आला! वाफसा आला!" बायको आतून म्हणाली, "बसायला सांगा, आलेच."

काम तसं सोपं होतं, म्हणजे मित्राच्या तोंडून. जिथे दबलेली जागा बोटभरच खोल होती, तिथे चाळलेली पोयट्याची, म्हणजे गाळाची, माती अर्धा इंच पसरायची, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत, ती वाढली की पुन्हा तेवढीच. खोल चाकोरीत मात्र कुदळीने तिन्ही बाजूंनी गवताचा थर मुळांसकट कापायचा आणि सतरंजीसारखा गुंडाळून मागे सारायचा. माझी सतरंजी तीन ठिकाणी फाटली. खालची माती दातेरी फावड्याने हलवून मोकळी केली, त्यात पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरलं, वर सतरंजी अंथरली, पायाने हलकेच दाबली, झारीने पाणी घातलं. "जरा उंचच ठेव, माती नंतर बसते," मित्राने बजावलं होतं. मी आज्ञाधारक. संध्याकाळी काका कुंपणाशी आले, ते दोन लांबट, ओले उंचवटे पाहिले आणि आवाज उतरवून म्हणाले, "कोण गेलं?"

चाक जिथे गरगरलं होतं तिथे सतरंजीच उरली नव्हती. तिथे हरळीचे तुकडे, दोन-तीन पेरांचे, चार-चार बोटांवर खोचत गेलो. हे कळल्यावर मित्र हळहळला. "अरे, आमच्या तीन पिढ्यांच्या कंबरा हरळी उपटता उपटता गेल्या. आणि तू ती लावतोयस? हाताने?" पण हरळीला उपटणारा काय आणि लावणारा काय, ती दोघांनाही मोजत नाही. तिसऱ्या आठवड्यात पेरापेरातून तिचे धागे जमिनीवरून धावायला लागले, जिथे टेकले तिथे मूळ धरायला लागले. मी रोज काय केलं विचाराल तर सुतळी बांधली, चिंध्या लटकवल्या आणि त्या सुतळीत स्वतःच दोनदा अडखळलो.

दोन महिन्यांनी हिरवळ भरून आली. नुसती भरून नाही. खत पडलेलं आणि माती मोकळी झालेली, त्यामुळे चाकोऱ्या बाकीच्या गवतापेक्षा दाट आणि गडद हिरव्या झाल्या. फाटकापासून पायरीपर्यंत दोन समांतर पट्टे, मधलं अंतर बरोबर टेम्पोच्या चाकांएवढं. बायकोने कमरेवर हात ठेवून निरखून पाहिलं. "छान झालंय. आता बाकीचं तेवढं दुरुस्त करा."

परवा तिचा मावसभाऊ नवी गाडी दाखवायला आला. पहाटेच पाऊस पडून गेला होता. फाटकात थांबून त्याने काच खाली केली, हिरवळीकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाला, "वा, गाडीसाठी पट्टे आखून घेतलेत की! मग घेऊ ना आत?"

मी उत्तर द्यायच्या आधीच माझे दोन्ही हात सवयीने वर गेले. बायको पायरीवरून धावत सुटली.