पाऊस पडून गेला म्हणून समुद्राचं पाणी पिऊ नका

माझा भाचा पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच जहाजावर रुजू होतोय. काल रात्री ताईने, म्हणजे त्याच्या आईने, फिरत आलेला एक मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "त्याला नीट समजावून सांग, उपयोगी पडेल." मेसेज थोडक्यात असा: उष्ण कटिबंधात पाऊस वाढल्यामुळे समुद्र वर्षागणिक गोडा होत चाललाय. मोठ्या पावसानंतर वरचं फूटभर पाणी गोडंच असतं, अडकलेल्या माणसाने ते खुशाल प्यावं. शास्त्रज्ञ पाच मीटर खालचं पाणी मोजतात, म्हणून त्यांना हे कळत नाही. आणि पावसाने समुद्र थंडावतो, त्यामुळे तिथे वादळ जोर धरत नाही.

हे सगळं क्रमाने घेण्याइतका धीर माझ्याकडे नाही. पाणी पिण्याचा मुद्दा जीवघेणा आहे, तोच आधी.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ ग्रॅमच्या पुढे क्षार गेले की ते तोंडात धरवत नाही. आता मेसेजमधलं फूटभर पाणी घ्या, म्हणजे ३० सेंटिमीटर. त्याचा खारटपणा ३५ वरून १ वर आणायचा तर त्या थरात ३५ पैकी ३४ भाग पावसाचंच पाणी हवं. म्हणजे एका दमात साधारण २९० मिलिमीटर पाऊस पडायला हवा, आणि तोही खालच्या पाण्यात थेंबभर न मिसळता. वारा नको, लाट नको. पण पावसाचे थेंब स्वतःच पाण्यात घुसून वरचा थर ढवळतात. असा समुद्र कुठे असतो?

प्रत्यक्षात काय होतं ते बघा. १० मिलिमीटरची चांगली सर आली आणि ते पाणी वरच्या एका मीटरमध्ये मिसळलं, तर खारटपणा ३५ वरून ३४.६५ वर येतो. ५० मीटरपर्यंत मिसळलं तर फरक ०.००७, जिभेला तर तो कळणारच नाही. वारा पडलेला असताना मुसळधार कोसळला तर वरच्या पातळ थरात खारटपणा काही एककांनी उतरू शकतो. समजा ५ ने उतरला. उरले ३० ग्रॅम. अगदी निम्मा झाला असं धरलं तरी साडेसतरा ग्रॅम उरतात, आणि दवाखान्यातल्या सलाइनमध्ये लिटरला मीठ असतं ९ ग्रॅम. आपल्या मूत्रपिंडांना समुद्राइतकी खारट लघवी तयार करता येत नाही. त्यामुळे समुद्राचं खारट पाणी प्यायलं की ते मीठ बाहेर टाकायला शरीर स्वतःजवळचं पाणी खर्चतं. तहानेने व्याकूळ माणूस आणखी कोरडा पडतो. पाऊस थांबल्यावर त्याला "आता वरचं पाणी पी" म्हणणं म्हणजे त्याचा जीव घेणं आहे.

पाऊस उपयोगाचा असतो तो समुद्राला लागण्याआधी. जहाजांवरच्या लाइफराफ्टसाठी, म्हणजे संकटात जीव वाचवणाऱ्या तराफ्यांसाठी, आंतरराष्ट्रीय नियम आहेत: माणशी दीड लिटर पिण्याचं पाणी आत हवं, आणि वरच्या छताला पावसाचं पाणी गोळा करण्याची सोय हवी. ती सोय उगाच नाही ठेवलेली.

आता शास्त्रज्ञांच्या पाच मीटरबद्दल. यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करावं लागतं. समुद्रात तरंगणारी सुमारे ४,००० 'आर्गो' यंत्रं वर येताना साधारण पाच मीटरवर खारटपणा मोजणं थांबवतात, कारण पृष्ठभागावरच्या तेलकट घाणीने संवेदक बिघडू शकतो. पावसाचं पाणी हलकं असतं, ते वरच तरंगतं, आणि काही तासांत वारा ते खाली मिसळून टाकतो. तेव्हा तो पातळ थर आर्गोच्या हातून निसटतो, हे खरं. पण त्यावरून "कुणाला माहीतच नाही" म्हणणं साफ खोटं. युरोपचा 'स्मॉस' उपग्रह २००९ पासून आणि अमेरिकेचा 'स्मॅप' २०१५ पासून अगदी वरच्या सेंटिमीटरभर पाण्याचा खारटपणा टिपतायत. २०१६-१७ मध्ये 'स्पर्स-२' मोहिमेतले शास्त्रज्ञ पूर्व प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या उत्तरेला जिथे धो-धो पाऊस पडतो तिथे, वरच्या एका मीटरमधलं पाणी मोजणारं उपकरण जहाजामागून ओढत फिरले. नेमका हाच थर अभ्यासायला.

समुद्र गोडा होत चाललाय, या दाव्याला ड्युरॅक, वायफेल्स आणि मॅटिअर यांचा 'सायन्स'मधला २०१२ चा अभ्यास पुरे आहे. १९५० ते २००० ची मोजमापं तपासून त्यांनी दाखवलं, की जिथे पाऊस जास्त तिथलं वरचं पाणी आणखी कमी खारट झालं आणि जिथे बाष्पीभवन जास्त तिथलं आणखी खारट. जलचक्र सुमारे ४ टक्क्यांनी तीव्र झालं. म्हणजे दरी वाढली, सगळा समुद्र गोडा झाला नाही. होणार तरी कसा? वाफ समुद्रातूनच उठते, मीठ मागे ठेवते, आणि जगातला तीन चतुर्थांशाहून अधिक पाऊस परत समुद्रातच पडतो. बर्फ वितळून भर पडते, पण समुद्राची पातळी सध्या वर्षाला चारेक मिलिमीटर वाढते, तीही काही अंशी पाणी तापून फुगल्यामुळे. समुद्राची सरासरी खोली आहे ३,७०० मीटर.

राहिलं वादळ. पाऊस पडताना पृष्ठभाग जरा थंडावतो, हो. पण वादळ सहसा स्वतःच समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर आणतं आणि त्यानेच त्याचा जोर ओसरतो. जिथे पाऊस आणि नद्यांचं पाणी वर साचलेलं असतं, जसं बंगालच्या उपसागरात, तिथे त्या हलक्या थराखाली पाणी खारट असलं तरी उबदारच असतं. याला 'बॅरिअर लेयर' म्हणतात. तिथे घुसळण खोलवर जात नाही, गार पाणी वर येत नाही, वादळाचं इंधन टिकतं. अशा भागांत वादळं जवळपास ५० टक्के अधिक वेगाने जोर धरतात, असं २०१२ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात आढळलं. मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट.

भाच्याला रात्रीच फोन केला. ताईने तोवर तो मेसेज आणखी दोन ग्रुपवर टाकला होता. तिथेही हेच उत्तर पाठवतोय.