दोन गेटवे भरले की झालं? कुठलं काय!

"एका पीसीत दोन लॅन कार्डं, दोन कंपन्यांचं नेट, दोन्ही कार्डांत डीफॉल्ट गेटवे भरा. स्पीड डबल, एक लाइन गेली तर दुसरी आपोआप चालू, राउटरचा खर्च शून्य." (गेटवे म्हणजे पीसीला बाहेर नेटवर नेणाऱ्या डब्याचा पत्ता.) नाशिकभर फिरलेला हा फॉरवर्ड आता आमच्या भाच्याच्या अंबडमधल्या वर्कशॉपात पोचलाय. पठ्ठ्याने दुसरं कार्ड आणलंसुद्धा!

स्पीड डबल? एक डाउनलोड एकाच लाइनने येतं. विंडोज कमी मेट्रिकची (वाटेच्या पसंतीचा आकडा, कमी तो आधी) वाट धरतं, दुसरी लाइन नुसतं बिल भरायला. त्यात दोन्ही कंपन्यांचे डबे बहुतेकदा १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात, एकाचा १९२.१६८.२.१ केला नाही तर पहिल्याच दिवशी गोंधळ.

खरा घातक मुद्दा "आपोआप" हा. सिंहस्थाच्या खोदकामात जेसीबीने फायबर तोडली असं धरा. ओएनटीवर, म्हणजे फायबर जोडलेल्या कंपनीच्या डब्यावर, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकतो. पण ओएनटीपासून पीसीपर्यंतची केबल शाबूत, कार्डाचा दिवा हिरवाच. गेटवे म्हणजे तुमच्याच टेबलावरचा डबा. तो पिंगला ("आहेस का?" या हाकेला) इमानेइतबारे उत्तर देतो. पीसीच्या लेखी सगळं आलबेल, आणि पॅकेट त्याच मेलेल्या लाइनवर जात राहतात. फॉरवर्डवाल्याने लॅन केबल उपसून बघितली असणार. तेव्हा दुसरी लाइन चालू होते, हे कबूल. डब्याचा अडॅप्टर जळाला तरी होईल. पण नेट जातं ते बहुतेक वेळा डब्याच्या पलीकडे.

माझ्यावर विश्वास नको. दुसरा गेटवे भरताना विंडोज स्वतःच इशारा देतं: एकापेक्षा जास्त गेटवे एकाच नेटवर्कला पर्याय म्हणून आहेत, वेगवेगळ्या तुटक नेटवर्कांवर ते नीट चालणार नाहीत. लोक न वाचता पुढे जातात.

राउटरचा खर्च टळत नाही. मिक्रोटिक कंपनीचा छोटा राउटरही पुरतो. त्यात ८.८.८.८ चा (हा गूगलचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) रूट, म्हणजे वाट, पहिल्या लाइनच्या गेटवेतून द्या, स्कोप (रूटची एक सेटिंग) १०. मग डीफॉल्ट रूटचा गेटवे म्हणून ८.८.८.८ च भरा: डिस्टन्स (कमी आकड्याची वाट आधी) १, टार्गेट स्कोप ११, चेक-गेटवे पिंग. दुसऱ्या लाइनचा डीफॉल्ट रूट डिस्टन्स २ ने. आता पिंग डब्याच्या पार पलीकडे जातो. १० सेकंदांचे दोन टाइमआउट झाले की वाट बदलते. नॅटचा मास्करेड नियम (आतल्या पीसींना बाहेरच्या आयपीमागे झाकणारा) दोन्ही लाइनींना हवा. पीसीचा डीएनएस मात्र ८.८.८.८ ठेवू नका. तो पत्ता पहिल्या लाइनला बांधलाय, लाइन मेली की डीएनएसही गेला आणि दुसरी लाइन चालू असून साइट उघडत नाही. चालू बँक लॉगिन तुटेल, कारण बाहेरचा आयपी बदलतो. त्याला इलाज नाही.

तपासताना लॅन केबल काढू नका, ओएनटीतलं फायबरचं हिरवं टोक काढा (त्यात डोळा घालून बघू नका). आणि दुसरी लाइन घेण्याआधी खांबाकडे नजर टाका: दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून आल्या असतील तर दुसरी लाइन सिमवरची (मोबाइल नेटची) घ्या.